हाताने लिहिल्यासारखा फॉन्ट मराठीत टाकला की मोडतो, नेमकं कुठे बघायचं

हा प्रॉब्लेम पुन्हा पुन्हा येतो म्हणून एकदाच नीट लिहितोय. फॉन्टच्या नमुना-चित्रात सगळं झकास असतं, मार्करने सहज खरडल्यासारखी अक्षरं, थोडी वरखाली, शिरोरेषा जराशी वाकडी, एकदम मोकळंढाकळं. मग आपण तोच फॉन्ट डाउनलोड करतो, आपला मजकूर टाकतो आणि शिरोरेषेत फटी, वेलांटी भलत्याच अक्षरावर, रफार अर्धा कापलेला, नाहीतर फॉन्ट बदललाच नाही असं काहीतरी. आणि मग लोक म्हणतात फॉन्ट खराब आहे, दुसरा शोधा. दुसऱ्यातही तेच होतं.

माझं म्हणणं असं की दहातल्या बऱ्याच केसेसमध्ये फॉन्ट बिचारा बरोबर असतो. बिघाड तीनपैकी एका जागी असतो, मजकुरात, फॉन्टात किंवा सॉफ्टवेअरमध्ये, आणि तो कुठे आहे हे कळायच्या आधी सेटिंगं बदलत बसलं की गुंता वाढतो. त्यामुळे आधी एक टेस्ट करा. ही ओळ कॉपी करून फॉन्ट लावून बघा:

ऱ्हस्व, कुऱ्हाड, ॲप, ऑफिस, बाळ, शाळा, श्रद्धा, ज्ञान, क्षत्रिय, विठ्ठल, मूर्तींना, सर्वांकडे, कृती, हृदय, रुपया, रूप

आणि ही दोन ठिकाणी बघा, तुमच्या नेहमीच्या सॉफ्टवेअरमध्ये आणि शिवाय क्रोम, फायरफॉक्स किंवा लिबरऑफिसमध्ये. हे तीनही प्रोग्रॅम अक्षरजुळणीसाठी हार्फबझ नावाचं इंजिन वापरतात आणि त्याला देवनागरी उत्तम येतं. तिथे ओळ बरोबर दिसली आणि तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये मोडली तर दोष सॉफ्टवेअरचा किंवा त्याच्या सेटिंगचा. दोन्हीकडे मोडली तर फॉन्टचा. ही ओळ दोन्हीकडे छान आली पण तुमचाच मजकूर मोडतोय, तर मजकुरात घाण आहे. एवढं कळलं की पुढचं खाली शोधा.

फॉन्ट लावला पण अक्षरं बदलतच नाहीत

बहुतेक वेळा कारण साधं आहे, त्या फॉन्टात देवनागरी नाहीच. कॅव्हिएट, इंडी फ्लॉवर, पॅट्रिक हँड, शॅडोज इंटू लाइट हे सगळे गाजलेले हस्ताक्षरी फॉन्ट, पण यातल्या एकातही देवनागरी अक्षरं नाहीत. सॉफ्टवेअर मग गुपचूप दुसरा फॉन्ट वापरतं, विंडोजवर निर्मला किंवा जुन्या मशीनवर मंगल, मॅकवर कोहिनूर देवनागरी, अँड्रॉइडवर नोटो सान्स देवनागरी, आणि वर फॉन्टच्या खिडकीत नाव मात्र तुम्ही निवडलेलंच दाखवत राहतं, म्हणून गोंधळ होतो. ओळखायची खूण म्हणजे इंग्रजी शब्द हस्ताक्षरात येतात आणि मराठी शब्द सरळसोट छापील.

देवनागरी असलेले हस्ताक्षरी वळणाचे मोफत फॉन्ट कमी आहेत पण आहेत. इंडियन टाइप फाउंड्रीचा कलम सगळ्यात जास्त दिसतो, त्याची लाइट, रेग्युलर आणि बोल्ड अशी तीन वजनं, म्हणजे जाडीचे प्रकार, आहेत. त्यांचाच तिलाना थोडा सजलेला आहे, पत्रिकेच्या मथळ्याला वगैरे बरा. डेक्को पण आहे, त्यातल्या आडव्या रेघा जाड असतात त्यामुळे तो वेगळाच दिसतो.

दुसरी शक्यता वेबसाइटवाल्यांसाठी. गूगल फॉन्ट्सवरून थेट लिंक दिली तर ब्राउझर मजकूर बघून लागेल तो देवनागरीचा तुकडा आणतो, पण फॉन्ट स्वतःच्या सर्व्हरवर ठेवताना फक्त लॅटिन सबसेट, म्हणजे इंग्रजी अक्षरांचा तुकडा, उचलला गेला की मराठी गायब. फाइलची साइज फारच छोटी दिसली तर हाच संशय घ्या. देवनागरी फॉन्ट जड असतात, युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला नंबर देणाऱ्या पद्धतीत, देवनागरीचा मुख्य ब्लॉक १२८ जागांचाच आहे पण जोडाक्षरं, अर्धी अक्षरं, वेलांट्यांचे लहानमोठे आकार हे सगळं फॉन्टच्या आत वेगळं काढलेलं असतं.

तिसरी शक्यता, फॉन्ट जुन्या पद्धतीचा आहे, युनिकोडच्या आधीचा. त्यात मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागेवर बसवलेली असतात. तपासायला इंग्रजी कीबोर्डवर ए बी सी टाइप करा, मराठी अक्षरं उमटली की समजा जुना फॉन्ट. त्यातलं वळण कितीही गोड असलं तरी युनिकोड मजकुराला तो लागणार नाही. आणि उलटही होतं, मजकूर जुन्या फॉन्टात टाइप केलेला आणि तुम्ही त्यावर कलम लावला की सगळी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. तिथे आधी कन्व्हर्टरमधून मजकूर युनिकोडमध्ये आणायचा, आणि आणल्यावर डोळ्यांनी वाचायचा, कारण रफार, पहिली वेलांटी आणि ऱ्य हमखास चुकतात.

अजून एक बारकं. विंडोजवर फॉन्ट डबलक्लिक करून इन्स्टॉल केला की तो फक्त तुमच्या यूजरपुरता बसतो आणि काही प्रोग्रॅमना तो दिसतच नाही. फाइलवर राइटक्लिक करून सगळ्या यूजरसाठी इन्स्टॉल करा, प्रोग्रॅम बंद करून परत चालू करा.

शिरोरेषेत फटी

हा खरा मुख्य आजार. देवनागरीत शिरोरेषा ही एक रेघ नसते, प्रत्येक अक्षर आपला तुकडा घेऊन येतं आणि शेजारच्या तुकड्यावर किंचित चढतं, रेल्वेचे डबे एकमेकांत अडकवतात तसं. छापील फॉन्टात हे तुकडे सरळ आणि एका उंचीवर असतात त्यामुळे थोडं इकडेतिकडे झालं तरी खपून जातं. हस्ताक्षरी फॉन्टात तुकड्याचं टोक गोल असतं, कधी निमुळतं, रेघ जरा वर चढलेली, त्यामुळे केसाएवढी फट पडली तरी डोळ्यात भरते.

पहिल्यांदा लेटर-स्पेसिंग बघा, ट्रॅकिंग म्हणतात तेच. ते शून्य पाहिजे. थोडं जास्त नाही, शून्यच. इंग्रजी मथळ्यांना अंतर वाढवून ऐसपैस करायची सवय असते आणि तीच स्टाइल मराठीला लागते, टेम्प्लेटमध्ये तर हे अंतर आधीच भरून ठेवलेलं असतं आणि कुणाला पत्ता नसतो. वेबसाइटवर हेडिंगच्या सीएसएसमध्ये शोधा, मराठीसाठी ते काढून टाका. मथळा ऐसपैस हवाच असेल तर शब्दांमधलं अंतर वाढवा, अक्षरांमधलं नाही.

मग कर्निंग, म्हणजे शेजारच्या दोन अक्षरांमधलं अंतर. अडोबीच्या प्रोग्रॅममध्ये कर्निंग ऑप्टिकलवर असेल तर ते फॉन्टने दिलेलं अंतर फेकून स्वतःच्या अंदाजाने अक्षरं सरकवतं, आणि त्या अंदाजाला शिरोरेषा जोडायची असते हे माहीतच नसतं. मेट्रिक्स किंवा ऑटोवर आणा. बऱ्याचदा एवढ्यावरच काम होतं आणि आपण उगाच तासभर फॉन्टला शिव्या घालत बसलेलो असतो.

तिसरं, जस्टिफाय. परिच्छेद दोन्ही कडांना चिकटवला आणि सेटिंगमध्ये अक्षरांमधलं अंतर ताणायची परवानगी असली की काही ओळींत फटी आणि काही ओळींत नाही असा विचित्र प्रकार दिसतो. हस्ताक्षरी फॉन्ट असाही डावीकडे चिकटवलेलाच शोभतो, हाताने लिहिणारा माणूस कधी उजवी कड जुळवत नाही.

हे सगळं ठीक आहे आणि तरी फट दिसतेय, तर झूम करून बघा. शंभर टक्क्यांवर फट आणि चारशेवर नाही, म्हणजे ती स्क्रीनच्या पिक्सेलची गंमत आहे, छपाईत येणार नाही. चारशेवरही आहे आणि ठरावीक जोडीतच आहे, म्हणजे समजा प्रत्येक वेळी ळ नंतरच, तर मग खरंच फॉन्ट काढणाऱ्याकडून ते अक्षर राहून गेलंय. मथळ्यापुरतं असेल तर तेवढीच जोडी हाताने कर्न करून जवळ आणा, मोठ्या मजकुराला फॉन्ट बदला.

वेलांटी भलतीकडे, पाय मोडलेली अक्षरं

पहिली वेलांटी अक्षराच्या आधी यायच्या ऐवजी नंतर येतेय, जोडाक्षरं न जुळता प्रत्येक अक्षराचा पाय मोडलेला दिसतोय, रफार अक्षराच्या डोक्यावर न जाता र आणि खाली तिरकी रेघ असा सुटा पडलाय, तर आधी फॉन्टला हात लावू नका, हे बहुतेक वेळा सॉफ्टवेअरच्या टेक्स्ट इंजिनचं, म्हणजे अक्षरं जुळवणाऱ्या भागाचं काम आहे. फोटोशॉपच्या जुन्या व्हर्जनमध्ये प्रेफरन्सेसमधल्या टाइपमध्ये जाऊन टेक्स्ट इंजिन वर्ल्ड-रेडी करायचं, आणखी जुन्या व्हर्जनला तिथेच मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन असं लिहिलेलं असतं. इलस्ट्रेटरमध्ये प्रेफरन्सेस, टाइप, तिथे इंडिक ऑप्शन्स दाखवा अशी टिक असते, ती मारल्यावर पॅराग्राफ पॅनेलच्या कोपऱ्यातल्या मेनूत योग्य कंपोझर, म्हणजे ओळी आणि अक्षरं जुळवायची पद्धत, निवडता येतो. इनडिझाइनमध्ये पॅराग्राफ कंपोझर वर्ल्ड-रेडी करायचा. आणि इथेच लोक अडकतात, कारण सेटिंग बदलल्यावर आधीच बनवलेला टेक्स्ट आपोआप सुधारेलच असं नाही, जुना टेक्स्ट सिलेक्ट करून त्याच्या पॅराग्राफलाही तो पर्याय द्यावा लागतो, नाहीतर नवीन टेक्स्ट बॉक्स काढून मजकूर परत पेस्ट करा, ते सोपं.

व्हिडिओ एडिटिंगच्या काही प्रोग्रॅममध्ये अशी सेटिंगच नसते. तिथे भांडत बसण्यात अर्थ नाही, मथळा दुसरीकडे बनवा आणि पारदर्शक पीएनजी म्हणून आत आणा.

मध्येच एखादं ठिपक्यांचं गोल वर्तुळ दिसलं तर तो मजकुराचा दोष आहे. मात्रेला बसायला अक्षर सापडलं नाही की ते वर्तुळ येतं. पीडीएफमधून कॉपी केलेल्या मजकुरात हे फार, कारण तिथून अक्षरांचा क्रमच उलटापालटा येतो, अनुस्वार आधी आणि काना नंतर असं. तो शब्द पुसून हाताने परत टाइप करा, बॅकस्पेसने फक्त मात्रा पुसून भागत नाही कारण न दिसणारी चिन्हं तिथेच राहतात.

ऱ्य, ॲ आणि मराठी ल, श

मराठीवाल्यांचा खास वैताग. देवनागरी आहे असं लिहिलेल्या फॉन्टात पण ऱ्य आणि ऱ्ह नीट नसतात. आचाऱ्यांना लिहिलं आणि फॉन्टने आचार्यांना करून टाकलं तर स्वयंपाक करणाऱ्याचा थेट गुरुजी होतो, त्यामुळे हे दिसण्यापुरतं प्रकरण नाही. यात अजून एक मेख आहे, ऱ्य टाइप करायच्या दोन पद्धती चालतात, एकात नुक्त्याचा, म्हणजे खाली टिंब असलेला ऱ, मग हलंत, मग य. दुसऱ्यात साधा र, हलंत, त्यानंतर न दिसणारा जोडक, आणि मग य. काही फॉन्ट एकच पद्धत ओळखतात. एका पद्धतीने खालचा टिंब दिसत असेल किंवा रफार होत असेल तर दुसऱ्या पद्धतीने टाइप करून बघा, आणि फाइलभर एकच पद्धत ठेवा, नाहीतर सर्च करताना अर्धे शब्द सापडणार नाहीत.

ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली ५.१ व्हर्जनला आलं, त्यामुळे त्याच्या आधीच्या फॉन्टात त्याच्या जागी चौकट किंवा दुसऱ्याच फॉन्टातलं अक्षर दिसतं. अ वर चंद्र देऊन तात्पुरतं भागतं, पण हस्ताक्षरी फॉन्टात तो चंद्र अ च्या डोक्यावर नेमका बसेलच याची खात्री नाही, कधी काठीवर जाऊन चढतो.

ल आणि श चं असं की बऱ्याच फॉन्टात दोन्ही वळणं असतात, काठीवाला ल आणि आपला दोन पाकळ्यांचा ल, पण सॉफ्टवेअरला भाषा मराठी आहे असं सांगितलं तरच दुसरं येतं. वेबपेजवर भाषेच्या टॅगमध्ये एमआर लिहा, इनडिझाइन किंवा वर्डमध्ये मजकुराची भाषा मराठी करा. लोक यासाठी फॉन्ट बदलतात, गरज नसते. हस्ताक्षरी फॉन्टात तर हे करायलाच हवं, कारण मराठी माणसाचं हस्ताक्षर म्हणून दाखवताय आणि ल मात्र हिंदी वळणाचा, लगेच खोटं वाटतं.

वरून कापलेला रफार, खालून कापलेला उकार

टेस्टच्या ओळीतलं मूर्तींना बघा. त्या एका र्तीं च्या डोक्यावर दुसरी वेलांटी, रफार आणि अनुस्वार तिघं बसलेत. हस्ताक्षरी फॉन्टात वेलांटीला ऐटीत झोका दिलेला असतो, त्यामुळे रफाराला जागा आणखी वर शोधावी लागते आणि टिंब त्याच्या कुशीत घुसतं. ओळींमधलं अंतर इंग्रजीच्या हिशोबाने अक्षराच्या साइजच्या १.१ किंवा १.२ पट ठेवलेलं असेल तर हे सगळं वरच्या ओळीतल्या उकारावर जाऊन आदळतं. मराठीला १.५ पासून सुरुवात करा, मग डोळ्यांनी बघून कमी करा. वर्डमध्ये ओळीचं अंतर एग्झॅक्टली असं अडकवलेलं असेल तर वरचा भाग सरळ कापला जातो, ते सिंगल किंवा मल्टिपलवर आणा. वेबसाइटवर बटणाला किंवा डब्याला ओव्हरफ्लो हिडन असेल तर तेही कापतं. आणि काही फॉन्टात उंचीचे आकडेच कमी भरलेले असतात, तेव्हा विंडोजवर कापलं जातं आणि मॅकवर नाही असंही होतं, त्याला तुमच्याकडे इलाज एकच, टेक्स्टच्या वर थोडी रिकामी जागा सोडणं किंवा आउटलाइन करून, म्हणजे अक्षरांचं चित्र करून टाकणं.

बोल्ड केलं की चिखल

फॉन्टात एकच वजन असेल आणि तुम्ही बोल्डचं बी बटण दाबलं तर सॉफ्टवेअर अक्षराला बाहेरून जाडी चढवून खोटा बोल्ड बनवतं. ध, भ, क्ष यांच्या पोटातल्या मोकळ्या जागा भरून जातात आणि मार्करची गोल टोकं फुगतात. बोल्ड हवा तर खरं बोल्ड वजन असलेला फॉन्ट घ्या, नाहीतर साइज वाढवा. वेबवर फॉन्ट-सिंथेसिस नन लिहिलं की ब्राउझर असला उद्योग करत नाही. तिरकं करायचं आय बटण दाबायचं तर कारणच नाही, कलमसारखा फॉन्ट मुळातच उजवीकडे कललेला आहे, त्याला आणखी कलवला की पडायला आल्यासारखा दिसतो.

बाहेरून रंगीत किनार दिली की प्रत्येक जोडावर उभी रेघ दिसते, हेही याच घरातलं. वर सांगितलं तसं अक्षरं एकमेकांवर चढलेली असतात, त्यामुळे किनार प्रत्येक अक्षराला वेगळी लागते. किनार रंगाच्या मागे टाका, इलस्ट्रेटरमध्ये अपिअरन्स पॅनेलमध्ये स्ट्रोक खाली ओढून, किंवा आउटलाइन करून पाथफाइंडरने सगळं एकत्र करा. स्टिकर कापायच्या मशीनला फाइल देणार असाल तर हे एकत्रीकरण सक्तीचं समजा, नाहीतर मशीन प्रत्येक अक्षर सुटं कापून ठेवतं. तसंच अर्धपारदर्शक रंग दिला की काही ठिकाणी जोडावर गडद डाग येतात, तिथे रंग पूर्ण ठेवा आणि अख्ख्या लेयरची ओपॅसिटी कमी करा.

सगळं बरोबर आहे पण हाताने लिहिल्यासारखं वाटत नाही

कारण एकाच शब्दात तेच अक्षर दोनदा आलं आणि दोन्ही हुबेहूब. इंग्रजीच्या चांगल्या हस्ताक्षरी फॉन्टात एकेका अक्षराचे दोनतीन आकार असतात आणि ते आलटून पालटून येतात, पण वर्डमध्ये त्यासाठी फॉन्टच्या अॅडव्हान्स्ड टॅबमध्ये कंटेक्च्युअल अल्टरनेट्सची टिक लागते, अडोबीत ओपनटाइप पॅनेलमध्ये बघा. देवनागरीत अशी सोय असलेले फॉन्ट कमीच. मग लोक एकेक अक्षर वरखाली करायला जातात आणि शिरोरेषा तोडून बसतात. अक्षर नाही, अख्खा शब्द हलवा, एक शब्द अर्धा अंश वर, पुढचा जरासा खाली, तेवढ्याने यांत्रिकपणा जातो.

आणि कधी कधी तक्रार फॉन्टची नसतेच, जागेची असते. कॉमिक सान्सचं घ्या, १९९४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या व्हिन्सेंट कॉनेअरनी तो काढला तो एका प्रोग्रॅममधलं कार्टून कुत्रं टाइम्स न्यू रोमनमध्ये बोलताना विचित्र दिसत होतं म्हणून, फुग्यातल्या चार शब्दांसाठी. लोकांनी तो नोटिसांना आणि अर्जांना लावला आणि बदनाम फॉन्ट झाला. असा फॉन्ट मथळा, पोस्टर, थंबनेल, पाकिटावरचं नाव, मुलांचं साहित्य, फोटोवरची एखादी ओळ इथे खुलतो. परिच्छेद, तक्ते, औषधाचं प्रमाण, नियम-अटी इथे नको, आणि लहान साइजला तर नकोच, तिथे घ आणि ध, भ आणि म ओळखू येईनासे होतात. खालच्या मजकुराला मुक्तासारखा शांत फॉन्ट ठेवा. दोन हस्ताक्षरी फॉन्ट एका पानावर तर अजिबात नको, दोन माणसं एकाच वेळी बोलताहेत असं वाटतं.

छपाईला पाठवताना

पीडीएफमध्ये फॉन्ट एम्बेड झालाय का, म्हणजे फाइलच्या आत बसलाय का, ते डॉक्युमेंट प्रॉपर्टीजमधल्या फॉन्ट्स टॅबमध्ये बघा. वर्डची फाइल दुसऱ्याला द्यायची असेल तर ऑप्शन्समधल्या सेव्हमध्ये फॉन्ट एम्बेड करायची टिक आहे, पण फॉन्ट बनवणाऱ्याने आतून बंदी घातलेली असेल तर वर्ड तो एम्बेड करत नाही, आणि समोरच्याकडे मंगल उघडतं. मथळे आउटलाइन करून पाठवले तर झंझटच नाही, फक्त टाइप होणारी मूळ फाइल वेगळी जपून ठेवा, कारण आउटलाइन झालेल्या मजकुरात शुद्धलेखनाची चूक सापडली की नवीन करण्याशिवाय उपाय नाही.

लायसन्सही तेव्हाच वाचा. वैयक्तिक वापरापुरता असं लिहिलेले डेमो फॉन्ट विकायच्या वस्तूवर चालत नाहीत, शिवाय डेमोमध्ये काही अक्षरं मुद्दाम वगळलेली असतात, म्हणजे तुम्ही ज्याला बिघाड समजताय ती कदाचित जाहिरात असते. ओपन फॉन्ट लायसन्सवाला असेल तर धंद्यासाठी चालतो, नुसता फॉन्ट सुटा विकायचा नाही एवढंच. आणि त्यात सुधारणा करायचीही परवानगी असते, म्हणजे ऱ्ह नसेल तर फॉन्ट बनवायच्या फॉन्टफोर्ज प्रोग्रॅममध्ये उघडून घालता येतो, फक्त अक्षर काढून थांबू नका, ऱ, हलंत आणि ह एकत्र आले की हे चित्र वापर असा नियमही फॉन्टात लिहावा लागतो, आणि मूळ नाव राखीव ठेवलेलं असेल तर तुमच्या बदललेल्या फॉन्टला दुसरं नाव द्यावं लागतं.